असू दे, बरं वाटतं!

गोल्फ खेळणाऱ्या कुठल्याही हौशी माणसाच्या बॅगेत डोकावून बघा. साधारण चौदा क्लब दिसतील. (क्लब म्हणजे इथे चेंडू मारायची काठी. संध्याकाळी बियर प्यायला जातात तो क्लब निराळा.) त्या चौदांत हमखास एक असा निघतो की ज्याचं डोकं अजून शोरूममधल्यासारखं चकचकीत आहे आणि ज्याच्या ग्रिपचं रबर अजिबात झिजलेलं नाही. बहुतेक वेळा तो तीन नंबरचा आयर्न असतो, नाहीतर साठ अंशांचा वेज. मालकाला विचारा, "हा शेवटचा कधी मारला होतास रे?" तो थोडा वेळ आठवतो, मग हसतो आणि म्हणतो, "मारत नाही फारसा. पण असू दे, बरं वाटतं!"

माझं भांडण या "बरं वाटतं"शी आहे.

आता तुम्ही म्हणाल, लोकांच्या बॅगेत काय आहे याच्याशी तुला काय करायचंय? पैसे त्यांचे, खांदा त्यांचा. कबूल. पण हे "बरं वाटतं" आजकाल फार शास्त्रशुद्ध थाटात सांगितलं जातं. गोल्फ हा नव्वद टक्के मनाचा खेळ आहे, मनाला आधार वाटला की हात आपोआप सुटतो, तेव्हा ज्या क्लबामुळे आधार वाटतो तो बॅगेत ठेवावाच, असा हा युक्तिवाद. दुकानातला विक्रेता तो करतो, मासिकं करतात आणि शनिवारी सकाळी आपल्याबरोबर खेळणारे चारचौघंही करतात. त्यातला "नव्वद टक्के" हा आकडा कोणी आणि कशाने मोजला हे विचारायची सोय नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याला 'मन' कळत नाही असं ठरवून टाकलेलं असतं.

मन मलाही मान्य आहे. क्लब हातात घेतल्यावर खात्री वाटते ही गोष्ट खरी आहे, तिचा खेळावर परिणाम होतो हेही खरं. माझं म्हणणं एवढंच, की हातातल्या क्लबामुळे मिळणारा दिलासा आणि बॅगेत पडून राहिलेल्या क्लबामुळे मिळणारा दिलासा या दोन अगदी वेगळ्या, किंबहुना एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत. पहिला कमावलेला असतो. दुसरा म्हणजे निव्वळ भीती, तिला आपण प्रेमाने दिलासा म्हणतो.

ज्यांनी कधी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बॅगेत एक ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायला), एक-दोन वूड, नंबर घातलेले आयर्न, तीन-चार वेज आणि एक पटर असतो. आयर्नचा नंबर जितका लहान, तितकं त्याचं तोंड उभं, चेंडू तितका लांब आणि खाली जाणार, आणि तो नीट मारणं तितकं कठीण.

चौदाचा नियम काही देवाने घालून दिलेला नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तो 1938 पासून लागू केला आणि सेंट अँड्र्यूजवाल्यांनी 1939 मध्ये. त्याआधी कितीही क्लब न्या, कोणी विचारत नसे. हिकरीच्या लाकडी दांड्यांचा जमाना होता तोवर हे चालून जायचं, कारण प्रत्येक दांडा वेगळा वाकायचा, प्रत्येक क्लबाचा स्वभाव वेगळा असायचा, आणि माणूस एकेक करून आपल्याला मानवणारे क्लब जमवायचा. 1920 च्या दशकात पोलादी दांड्यांना परवानगी मिळाली आणि कारखान्यातून एकसारखे, क्रमाने नंबर टाकलेले सेट निघायला लागले. मग सुरू झाली गर्दी! दोन आयर्नांच्या मधलं अंतर मारायचंय? घ्या मधला एक. हा वाऱ्यात, तो ओल्या गवतात. लॉसन लिटल नावाचा उत्तम अमेरिकन खेळाडू (1934 आणि 1935 अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही हौशी स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या) बॅगेत तीसच्या आसपास क्लब बाळगायचा असं सांगतात. त्याच्या कॅडीचं काय होत असेल ते कॅडीलाच ठाऊक. शेवटी नियम करणाऱ्यांना वाटलं, की खेळाडू आता फटका तयार करत नाही, नुसता क्लब निवडतो. म्हणून चौदाची मर्यादा आली.

गंमत बघा. मर्यादा म्हणजे 'जास्तीत जास्त चौदा'. कमीत कमी किती, याबद्दल नियम काहीच म्हणत नाही. पण आपण लोकांनी त्या चौदाचा कोटा करून टाकला. तेरा क्लब घेऊन निघालेल्या माणसाला आपलं काहीतरी घरी विसरलंय असं वाटतं. रेशनवर मिळतंय ना, मग उचला, लागो न लागो.

चिक एव्हन्स हे नाव यांच्यापैकी किती जणांनी ऐकलंय कोण जाणे. हा हौशी खेळाडू 1916 मध्ये मिनियापोलिसला अमेरिकन ओपन खेळला तो सात क्लब घेऊन. सात! आणि स्पर्धा जिंकला. नुसती जिंकली नाही, तर 286 फटक्यांचा विक्रम केला, जो 1936 पर्यंत कोणाला मोडता आला नाही. मधल्या वीस वर्षांत पोलादी दांडे आले, नंबरांचे सेट आले, बॅगा दुप्पट झाल्या, तरी तो आकडा जागचा हलला नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. स्पेनच्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बायेस्तेरोस. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी त्याच्याकडे एकच क्लब होता, तो म्हणजे तीन नंबरचा जुना आयर्न. तो घेऊन हा पोरगा समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत तासन् तास मारत बसायचा. त्याच एका क्लबाने लांबचे फटके, त्यानेच वाळूतून उचलून काढायचे, त्यानेच हळूच भोकाजवळ टाकायचे. पुढे त्याने तीन वेळा ब्रिटिश ओपन आणि दोन वेळा मास्टर्स जिंकली, आणि अडचणीच्या जागेतून चेंडू बाहेर काढण्यात त्याच्या तोडीचा माणूस सापडणं कठीण.

सेव्हेला तीन नंबरच्या आयर्नबद्दल जे वाटत असेल, तो खरा दिलासा. आणि तुमच्या-आमच्या बॅगेत तोच तीन नंबरचा आयर्न चकचकीत डोक्याने उभा आहे! क्लब तोच, नंबर तोच. एकाने तो हजारो वेळा मारला म्हणून त्याला तो आपला वाटतो. दुसऱ्याने तो मारलाच नाही, म्हणून अजून त्याचा भ्रमनिरास झालेला नाही. न मारलेला क्लब कधीच चुकत नाही हो! दुकानात पहिल्यांदा हातात घेतला होता तितकाच तो आजही परिपूर्ण आहे, कारण त्याला नापास व्हायची संधीच मिळालेली नाही.

आमच्या धंद्यात याचा एक सख्खा भाऊ आहे. सर्व्हरचा रोज रात्री बॅकअप घेतला जातो आणि सगळे निर्धास्त झोपतात. तो बॅकअप परत चढवून कोणी कधी पाहिलेला नसतो. ज्या दिवशी डिस्क जाते त्या दिवशी कळतं की फाइल अर्धीच आहे. कधी न तपासलेल्या बॅकअपने इतके दिवस जी झोप दिली तिला दिलासा म्हणायचं का? कोड वाचताना सुद्धा हेच. चारशे ओळी कॉमेंट करून ठेवलेल्या असतात, का तर "कधीतरी लागेल". ज्याने ठेवल्या तो नोकरी सोडून गेलेला असतो आणि ज्याला वाचाव्या लागतात तो प्रत्येक वेळी थबकतो. काढून टाकायची हिंमत मात्र कोणाची होत नाही, कारण असू दे, बरं वाटतं.

आता मनवाल्यांच्या हातातलं मोठं शस्त्र बघू. ते म्हणतात, अहो, हे प्रयोगाने सिद्ध झालंय.

काय सिद्ध झालंय? 2010 मध्ये जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांचा एक लेख आला. अठ्ठावीस विद्यार्थ्यांना एक मीटरवरून प्रत्येकी दहा पट मारायला सांगितले. काहींना चेंडू देताना म्हटलं, "हा चेंडू आतापर्यंत शुभ ठरलाय." त्यांनी दहापैकी सरासरी साडेसहाच्या आसपास घातले, बाकीच्यांनी पावणेपाच. जगभर बातम्या झाल्या. मग 2014 मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी तोच प्रयोग पुष्कळ जास्त माणसं घेऊन पुन्हा केला. फरक सापडला नाही. ही दुसरी बातमी मात्र आमच्या शनिवारच्या मंडळींपर्यंत पोचलेली दिसत नाही.

दुसरा प्रयोग 2011 चा, अमेरिकेतला. एकेचाळीस जणांना पट मारायला दिलं. त्यातल्या निम्म्यांना सांगितलं की हा पटर 2003 चा ब्रिटिश ओपन विजेता बेन कर्टिस याचा आहे. त्यांना भोक थोडं मोठं दिसलं (चित्र काढायला लावून मोजलं होतं) आणि दहामागे साधारण दीड पट जास्त पडले. प्रयोग मजेदार आहे. अगदी खरा धरून चालू. पण मंडळी, जरा लक्ष द्या. त्या माणसांनी तो पटर हातात घेऊन मारला होता! कर्टिसचा पटर बॅगेत ठेवून दुसऱ्याच पटरने मारा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हातातल्या वस्तूबद्दलचा विश्वास हाताला मदत करतो, एवढंच फार तर यातून निघतं. बॅगेतल्या तीन नंबरच्या आयर्नमुळे सात नंबरचा आयर्न चांगला लागतो हे कुठल्याही प्रयोगाने दाखवलेलं मी तरी वाचलेलं नाही.

उलट काय होतं ते सांगतो. भोक एकशे ऐंशी यार्डांवर आहे. बॅगेत पाच नंबरचा आयर्न आहे, जो बरा लागतो पण थोडा कमी पडतो. शिवाय हायब्रिड आहे, सात नंबरचा वूड आहे आणि तो चकचकीत तीन नंबरही आहे. आता माणूस एक काढतो, ठेवतो, दुसरा काढतो, वाऱ्यात गवत उडवून बघतो. शेवटी एक निवडतो आणि चेंडूसमोर उभा राहतो, पण मनात बाकीचे तीन उभेच असतात. हात वर जातात तेव्हा तो विचार करत असतो, "वूडच घ्यायला हवा होता." चेंडू पाण्यात. मागचे चौघं कंबरेवर हात ठेवून उभे. हा तो दिलासा! त्याच्याकडे फक्त पाच नंबर असता तर तो म्हणाला असता, थोडा कमी पडेल, समोरून चढवू, आणि शांतपणे मारून मोकळा झाला असता.

या बाबतीत गोल्फच्या इतिहासातला सगळ्यात महागडा धडा 2001 चा आहे. रॉयल लिदमला ब्रिटिश ओपन. शेवटच्या दिवशी सकाळी चौघं बरोबरीने आघाडीवर, त्यातला एक वेल्सचा इयान वूसनम. पहिलं भोक पार तीनचं. त्याचा फटका भोकात पडता पडता राहिला, दोनमध्ये काम झालं. दुसऱ्या भोकाच्या टीवर कॅडीने सांगितलं की आपल्या बॅगेत पंधरा क्लब आहेत. वूसनम सरावाला दोन ड्रायव्हर मारून बघत होता, त्यातला एक बाहेर काढायचा राहून गेला होता. पहिल्या भोकाला ड्रायव्हर लागलाच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन फटके दंड. दोनचे चार झाले. पुढच्या काही भोकांवर डोकं ताळ्यावर नव्हतं. शेवटी तो तिसऱ्या जागेवर बरोबरीत राहिला, विजेत्या डेव्हिड ड्युव्हालच्या चार फटके मागे.

सगळे त्या कॅडीला दोष देतात. क्लब मोजणं हे त्याचं काम होतं आणि त्यात तो चुकला, हे खरंच आहे. पण मला नेहमी वाटतं, की ओपनच्या शेवटच्या सकाळी बॅगेत दुसरा ड्रायव्हर आलाच का? कारण 'हा की तो' हे अजून ठरलेलं नव्हतं. पंधरावा क्लब हा मोजणीतल्या चुकीच्या आधी न घेतलेला निर्णय होता. तुमच्या-माझ्या बॅगेतले क्लब चौदाच भरतात, म्हणून कोणी दंड लावत नाही, पण न घेतलेले निर्णय तेवढेच असतात.

यावर कोणी म्हणेल, फिल मिकलसनने 2006 ची मास्टर्स दोन ड्रायव्हर घेऊन जिंकली, त्याचं काय? बरोबर. पण त्या दोघांना कामं वाटून दिलेली होती. एक चेंडूला एका बाजूला वळवायचा, दुसरा दुसऱ्या बाजूला. कुठल्या भोकाला कुठला, हे आधी ठरलेलं. मुद्दा संख्येचा नाहीच. चौदाच्या चौदा क्लबांना काम असेल तर चौदा ठेवा. "याचं काम काय?" या प्रश्नाला "बरं वाटतं" हे उत्तर आलं, की समजायचं, याला काम नाही.

आणि त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, त्याच मिकलसनने उलटी बाजूही दाखवली. विंग्ड फूटला अमेरिकन ओपन, शेवटचं भोक, एका फटक्याची आघाडी. पार केला तर स्पर्धा खिशात. त्या दिवशी त्याच्या टीवरच्या फटक्यांपैकी चौदात दोनच फेअरवेत पडले होते. तरी त्याने ड्रायव्हरच काढला. चेंडू पाहुण्यांच्या तंबूवर जाऊन आदळला, पारऐवजी दोन जास्त लागले आणि जेफ ओगिल्व्ही विजेता झाला. म्हणजे हातातला, आवडीचा, हजारो वेळा मारलेला क्लबसुद्धा त्या दिवशी काय करतोय हे बघावंच लागतं. सवय म्हणजे पुरावा नव्हे. हाच मिकलसन 2013 मध्ये म्युरफील्डला ब्रिटिश ओपन खेळला तेव्हा त्याने ड्रायव्हर बॅगेत ठेवलाच नाही. शेवटच्या दिवशी 66 मारून जिंकला. आयुष्यभर ज्या क्लबावर जीव टाकला तो लॉकरमध्ये ठेवून जाणं, हे मला कुठल्याही दिलाशापेक्षा जास्त धैर्याचं वाटतं.

कमावलेला दिलासा कसा दिसतो ते बघायचं तर स्वीडनचा हेन्रिक स्टेन्सन बघा. नवनवी मॉडेलं बाजारात येत राहिली तरी वर्षानुवर्षं तो तोच जुना तीन नंबरचा वूड वापरत राहिला. टीवरून अनेकदा ड्रायव्हरऐवजी तोच. 2016 ला रॉयल ट्रूनवर त्याने शेवटच्या दिवशी 63 मारले, एकूण 264, आणि ब्रिटिश ओपन जिंकली. किंवा टायगर वूड्सचा पटर. पंधरापैकी चौदा मोठ्या स्पर्धा त्याने एकाच पटरने जिंकल्या. मधे काही वर्षं दुसरा वापरून बघितला आणि परत त्याच्याकडे आला. यांना त्या क्लबांबद्दल बरं वाटतं ते क्लब बॅगेत *आहे* म्हणून नव्हे. त्यांनी तो इतक्या वेळा मारलाय, की काय होणार हे त्यांना माहीत आहे.

आणि या गोष्टीचा दुकानदारीने काय विचका केलाय तेही सांगून टाकतो. टायगरच्या त्या पटरच्या जोडीला राखीव म्हणून तसेच काही पटर बनवले होते. त्यातला एक 2021 मध्ये लिलावात चार लाख डॉलरच्या आसपास गेला. राखीव पटर हो! ज्याने त्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या तोही नव्हे. याच्या बरोबर उलटी गोष्ट बॉबी जोन्सची आहे. त्याच्या पटरचं नाव 'कॅलॅमिटी जेन', गोल्फमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध पटर. घासून घासून त्याचं तोंड बिघडलं तेव्हा जोन्सने त्याची नक्कल करून घेतली आणि आपल्या तेरा मोठ्या विजेतेपदांपैकी शेवटची दहा त्या नकलेनेच जिंकली. त्याचा जीव लाकडा-लोखंडात अडकलेला नव्हता. त्याला त्या वजनाची, त्या तोंडाची, त्या लांबीची वस्तू हवी होती, आणि ती वापरायचं कसब त्याच्या हातात होतं.

आपल्याला मात्र वस्तू विकली जाते. आयर्नचे नंबरच घ्या. पन्नासेक वर्षांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचं तोंड साधारण 37-38 अंशांनी कललेलं असायचं. आज हौशी खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक सेटमध्ये तो 30 किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे जुना पाच नंबर घ्या, त्यावर सात खोदा, की माणूस खूश: "मी सात नंबरने एकशे साठ यार्ड मारतो!" (नवे क्लब चेंडू उंच उडवतात म्हणून हे करता येतं, हे खरं. पण आकडा बदलायचं कारण काय?) झालं काय, की खालच्या टोकाला भगदाड पडलं. पिचिंग वेजही तसाच उभा झाला आणि त्याच्यात नि सँड वेजमध्ये मोठी दरी राहिली. ती भरायला गॅप वेज विकत घ्या. शिवाय वरचा तीन नंबर इतका उभा झाला की साध्या माणसाला तो उचलता येईना, म्हणून हायब्रिड विकत घ्या. आणि तीन नंबर? तो असू दे, बरं वाटतं. आधी खोट्या नंबराचा दिलासा विकायचा, मग त्याने पडलेलं भोक बुजवायचा माल विकायचा. धंदा म्हणून मी टोपी काढतो!

आता साधा हिशोब मांडू. शंभराच्या आत-बाहेर खेळणारा आपला माणूस, समजा त्याने 95 फटके मारले. त्यात पटरचे 36 धरा, ड्रायव्हरचे 14. उरले 45. त्यातले निदान वीसेक हिरवळीच्या आसपास, वेजने. राहिले पंचवीस, आणि ते मारायला बॅगेत आठ-नऊ क्लब. म्हणजे लांबचा आयर्न चार-पाच तासांच्या फेरीत एखाददा निघणार, किंवा नाहीच. एखाद्या गोष्टीशी चार-पाच तासांत एकदाच गाठ पडत असेल, तर तिच्याबद्दल खरा विश्वास येणार कुठून? आठ क्लबांमध्ये वाटलेला सराव पाच क्लबांमध्ये वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडपटीहून जास्त येतो. हे गणित चौथीतलं आहे.

आणि तो भार उचलतं कोण? अमेरिकेत राहणारा आपला इंजिनियर सार्वजनिक कोर्सवर स्वतःची बॅग स्वतः ओढतो, निदान घाम त्याचा तरी असतो. पण चेंबूर असो, येरवडा असो की दिल्ली, आपल्याकडे बॅग बहुतेक वेळा कॅडीच्या खांद्यावर असते. भरलेली बॅग दहा-बारा किलोंची सहज होते. मे महिन्याच्या उन्हात तो माणूस ती घेऊन अठरा भोकं चालतो. साहेबांना ज्या तीन क्लबांमुळे 'बरं वाटतं', ते तीन साहेब फेरीभर हातात धरत नाहीत. ते धरतो तो. तीन क्लब म्हणजे किलोच्या वर वजन, जे कोणाच्याच उपयोगी नाही. आणि हा कॅडी कोण असतो? 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडीच होते. तेव्हा कधी धीर करून तुमच्या कॅडीला विचाराच, "या बॅगेतले कुठले क्लब मला लागत नाहीत?" तो आधी संकोच करेल, कारण टिप तुमच्या हातात आहे. मग अचूक तीन काढून देईल. ज्याच्या खांद्याला वजन लागतं त्याला चकचकीत डोकं बरोबर दिसतं.

शेवटचा आक्षेप असा येतो: "अरे, आम्ही काय ओपन खेळतोय? शनिवारची मजा आहे, तेवढाही दिलासा घेऊ देणार नाहीस?" घ्या की! पण मजेसाठी खेळणाऱ्याला तर हा दिलासा मुळीच नको. व्यावसायिक माणसाचं पोट एका फटक्यावर असतं, त्याने पंधरा वेळा विचार केला तर समजू शकतो. आपलं काय अडलंय? पाण्यात गेला तर गेला. पोटाचा प्रश्न नसताना जो माणूस आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा 'न जाणो लागला तर' म्हणून ओझं बाळगतो, त्याने ऑफिस बरोबरच आणलंय. सोमवार ते शुक्रवार आपण 'न जाणो'च्याच पायी मीटिंगा घेतो, मेलमध्ये अकरा जणांना कॉपी करतो आणि कोणी वाचणार नाही अशी डॉक्युमेंटं लिहितो. निदान शनिवारी सकाळी तरी एखादी गोष्ट नसण्याची सवय करून घ्या.

करून बघायचं असेल तर सोपं आहे. मागच्या पाच फेऱ्या आठवा. ज्या क्लबाने पाच फेऱ्यांत पाच फटकेही मारले नाहीत, तो घरी ठेवा. विकू नका, फेकू नका, नुसता कपाटात ठेवा. मग महिनाभर खेळा. महिन्यानंतर त्याची खरोखर आठवण आली, म्हणजे अमक्या भोकाला अमक्या अंतरावर तो हवा होता असं नेमकं सांगता आलं, तर खुशाल परत आणा आणि पहिले दोन शनिवार रेंजवर फक्त त्यानेच मारा. तो तुमचा क्लब होईल. आणि नुसतंच "काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय" असं वाटत असेल, तर तो कपाटातच बरा आहे. तिथेही त्याचं डोकं तितकंच चकचकीत राहील.